खरातबाईंनी अर्ध्यावर थांबवलेली गोष्ट

सांगलीहून निघालेली यष्टी मिरज, जत करत करीगुड्डीच्या फाट्यावर पोचायची तेव्हा तिच्यात मोजकी माणसं उरलेली असत. फाट्यापासून गाव बरंच आत. मधे नुसता माळ, आणि गावामागं ती काळी टेकडी, जिच्यावरून कानडीत गावाला नाव पडलं होतं. चौसष्ट सालच्या जूनमध्ये राहीबाई खरात डोक्यावर ट्रंक घेऊन त्या वाटेनं चालत आल्या. वय बावीस-तेवीसचं, अंगावर पांढरी सुती साडी, पायात चपला. मास्तरीण पायात चपला घालून गावात शिरली, ही बातमी त्यांच्याआधी चावडीवर पोचली होती.

त्यांचं माहेर वाईजवळच्या खेड्यातलं. राहीबाई सातवीत होत्या तेव्हा घरानं बौद्ध धर्म घेतला. वडील धोंडिराम यांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले, कृष्णेच्या डोहात सोडले आणि घरी येऊन पोरीला म्हणाले, "आता तू शिकायचं." त्यांच्या बहिणीला, म्हणजे राहीबाईंच्या आत्याला, मात्र फार आधीच देवीला सोडलेलं होतं. डोक्यावर परडी घेऊन ती दारोदार जोगवा मागत फिरायची. वर्षा-दोन वर्षांतून एकदा दारात यायची, ओट्यावर बसून भाकरी खायची, घरात पाऊल टाकायची नाही. एका उन्हाळ्यात ती आलीच नाही. कुठं मेली ते कुणाला कळलं नाही.

करीगुड्डीची शाळा म्हणजे चावडीशेजारची एक लांब खोली. एका टोकाला हेडमास्तर आप्पासो गुरुजी तिसरी-चौथी घ्यायचे, दुसऱ्या टोकाला राहीबाईंची पहिली-दुसरी. पुढच्या वर्षी गुरुजींनी तिसरीही त्यांच्या गळ्यात घातली. गुरुजी माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती आणि ती कुणाच्या अध्यात-मध्यात न पडता काढायची, एवढाच त्यांचा हिशेब.

पोरं गोष्ट वाचायची आणि शेवटी एका सुरात तात्पर्य म्हणायची. राहीबाईंना त्याची शंका आली. एकदा त्यांनी कोल्ह्याची गोष्ट सांगितली आणि मुद्दाम कासवाच्या गोष्टीचं तात्पर्य म्हणायला लावलं. पोरांनी तेही तितक्याच खणखणीत आवाजात म्हटलं. त्या दिवसापासून तात्पर्य बंद झालं. त्याऐवजी बाई गोष्ट सांगता सांगता थांबायच्या. कोल्ह्याला काय पाहिजे? ते त्याला का मिळत नाही? पुढं काय होईल? कुणी उत्तर दिलं, की ठरलेला सवाल यायचा, "कशावरून?" मग पोरगं डोकं खाजवत गोष्टीत मागं मागं जायचं आणि तिथनं पुरावा शोधून आणायचं.

फळ्यावर त्या दोन शब्द लिहायच्या, 'मग' आणि 'म्हणून'. धनगराचा धुळा एकदा उठून म्हणाला, "बाई, कावळा वराडला आन पाव्हणं आलं."

"कावळा ओरडला, मग पाहुणे आले. का कावळा ओरडला म्हणून पाहुणे आले?"

"म्हणूनच की."

"मग पाहुणे यायच्या आधी कावळ्याला कुणी सांगितलं?"

दुसरी-तिसरीत दोन तट पडले. दुपारची सुट्टी झाली तरी पोरं लिंबाखाली भांडत होती. पलीकडून आप्पासो गुरुजी म्हणाले, "बाई, जरा बेतानं. ही पोरं घरी जाऊन आईबापालाबी असंच इचारतील."

साळू तिसरीत होती. बारीक अंगाची, मोठ्या डोळ्यांची, बोलायला कंजूष. पण बोलली तर नेमकं बोलायची. गोष्टीत काय सांगितलं नाही ते तिला आधी दिसायचं. "राजा शिकारीला गेला, पर त्याच्या घोड्याला पाणी कुणी पाजलं?" असलं काहीतरी ती हळूच विचारायची आणि सगळा वर्ग थांबायचा. राहीबाईंचा तिच्यावर जीव होता.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई पेटली. संध्याकाळी ग्रामपंचायतीचा रेडिओ लागला, की सगळा गाव चावडीपुढं जमायचा. करीगुड्डीची तीन-चार माणसं लष्करात होती. त्यांतला साळूचा बाप कृष्णात पंजाबकडं अगदी पुढच्या फळीत होता. त्याची आई, लक्ष्मीबाई, रेडिओला कान लावून बसायची. हिंदी-मराठी बातम्यांतलं तिला काही उमगत नसे. नुसता सांगणाऱ्याचा आवाज ऐकून ती लेक जिता आहे का मेला, याचा अंदाज बांधायची.

त्याच दिवसांत राहीबाईंनी एका मीठवाल्याची गोष्ट सुरू केली. ती त्यांनीच रचलेली होती. घाटमाथ्यावरचा एक मीठवाला बैल घेऊन कोकणात उतरतो. घरी त्याची म्हातारी आई, बायको आणि लहान लेक. लेक रोज वळणावरच्या दगडावर बसून बैलाच्या घंटेची वाट बघते. एक दिवस घाटात ढग उतरतात आणि घंटा काही ऐकू येत नाही. इथं बाई थांबल्या. "पुढं काय होईल?"

पोरांनी एकच गलका केला. मीठवाला येणार, लेकीला बांगड्या आणणार, गूळ आणणार, धुळ्याच्या मतानं वाघ मारून आणणार. साळू गप्प होती. बाईंनी तिला उठवलं.

"त्यो आला की तिला न्हेतील," साळू म्हणाली.

"कोण नेतील?"

"न्हेतील."

"कशावरून? गोष्टीत कुठं आहे तसं?"

साळूनं खाली बघितलं. "गोष्टीत न्हाई."

वर्ग हसला. राहीबाई हसल्या नाहीत. जे गोष्टीत नाही ते पोर दुसरीकडून कुठून तरी आणत असते, हे त्यांना इतक्या दिवसांत कळलं होतं. आधी त्यांना वाटलं, बाप मारकुटा असेल, म्हणून त्याच्या येण्याची धास्ती असेल. पुढं आणखी दोन गोष्टी झाल्या. एकीत हरवलेला भाऊ परत यायचा होता, दुसरीत नदीपार गेलेली आई. दोन्हींत साळूनं शेवट तोच सांगितला. गेलेलं माणूस सुखरूप येतं आणि घरातली पोर जाते.

मग राहीबाई तिच्याकडं नीट बघायला लागल्या. साळू अलीकडं डोक्याला फडकं बांधून येत होती. फडक्यातनं हळदीचा आणि शिळ्या तेलाचा वास यायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी ती शाळेत नसायची. एका शुक्रवारी राहीबाई विहिरीवरून येत होत्या, तेव्हा समोरून गावची जोगतीण आली. तिच्या मागं हातात लहान परडी धरून, कपाळभर भंडारा लावलेली साळू चालली होती. तिनं बाईंना बघितलं आणि ओळख न दाखवता पुढं गेली. राहीबाईंच्या हातातली कळशी डुचमळली आणि पाणी पायावर सांडलं. त्यांना आत्या आठवली, ओट्यावर बसून भाकरी खाणारी.

दुसऱ्या दिवशी त्या साळूच्या घरी गेल्या. लक्ष्मीबाई जोत्यावर बसून शेंगा फोडत होती. तिनं काही लपवलं नाही. उलट तिच्या बोलण्यात एक प्रकारचा दिमाख होता.

"म्या डोंगरावरच्या आईला बोललीया. लेक जिता आला तर नात तुजी. बोलले आन पंधरा दिसात पोरीच्या केसात जट धरली. आईनं कौल दिला. आता त्यो आला की माघी पुनवंला गाडी जुपायची."

"आजी, केस विंचरायचं बंद केलं तर कुणाच्याही डोक्यात जट धरते. साबण लावून बघा."

म्हातारीनं शेंगा फोडायचं थांबवलं. "बाई, तुमी देव सोडल्याली मानसं. तुमच्या वाटंला आमी जात न्हाई. तुमी आमच्या देवाच्या आडवं का येता?"

आतल्या दारात साळूची आई बायडाबाई उभी होती.  राहीबाई गल्लीच्या टोकाला पोचल्या तेव्हा ती शेणाची पाटी घेऊन मागनं आली आणि भिंतीकडं तोंड करून बोलू लागली.

"ह्यांस्नी ठावं न्हाई. सासूबाईंनी कुणाला लिवू दिलं न्हाई. आता म्या काय मागू बाई देवाजवळ? त्यो आला तर पोर जाती. न्हाई आला तर माजं कुंकू जातं. सगळा गाव त्याच्यासाठी हात जोडतुया. मला हात जोडायची बी चोरी झालीया."

"तुम्ही त्यांना सांगणार ना, आले की?"

"सासूबाईंनी पोरीच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घातलीया. बोलले तर तीच मरंल." आणि ती पाटी उचलून निघून गेली.

राहीबाईंनी आप्पासो गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कायदा हाय. असलं करायला बंदी हाय. पण पुनवंला शंभर गाड्या डोंगराकडं जात्यात, त्यांतली एक कोण अडवणार? आन अडवली तर त्या पोरीला घरात कोण घेईल? बाई, तुमी परगावच्या. त्यातनं तुमचं... म्हंजी लोक काय म्हणतील ते तुमाला ठाऊकच हाय. उद्या गावात एखादं ढोर मेलं तरी तुमच्या नावावर पडंल."

ते खोटं बोलत नव्हते. म्हणूनच राहीबाईंना त्यांचा राग आला.

लढाई थांबली. दिवाळी गेली. ज्वारी हुरड्यात आली. गावात आनंद होता, पण राहीबाईंना दिवस अंगावर येत होते. पौर्णिमा जवळ येत होती आणि बाप रजेवर निघाल्याचं कार्ड आलं होतं. वर्गात साळू आता पुढच्या ओळीतून उठून मागं भिंतीला टेकून बसायला लागली होती. फडक्याखाली तिचं डोकं एका बाजूला जड झाल्यासारखं कलायचं. राहीबाईंनी मीठवाल्याची गोष्ट तिथंच थांबवून ठेवली होती. पोरं मागायची, पण त्या दुसरंच काही सांगायच्या. शेवट काय करायचा ते त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

कृष्णात जानेवारीत आला. गावानं हलगी लावून त्याला फाट्यावरून आणलं. उंच, काळा, हसरा गडी. एका कानानं थोडं कमी ऐकू यायला लागलेलं. लक्ष्मीबाईनं त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळला आणि त्याच्या दंडाला धरून अशी उभी राहिली, जणू सोडलं तर तो परत जाईल. गर्दीत त्यानं लेकीला शोधलं. साळू घरी कणगीमागं बसली होती.

दोन-तीन दिवसांनी तो शाळेत आला. पोरांसाठी पेपरमिंटच्या गोळ्या घेऊन. पोरांना लढाईतलं काहीतरी सांगा, असं आप्पासो गुरुजींनी त्याला म्हटलं होतं. तो खुर्चीवर अवघडून बसला आणि म्हणाला, "सांगण्यासारखं काय न्हाई ओ. लय धूळ हुती." मग राहीबाईंकडं वळून म्हणाला, "तुमी काय शिकवता ते चालू द्या. म्या बसतो जरा."

तेवढ्यात राहीबाईंनी ठरवलं. त्यांनी खडू खाली ठेवला.

"मीठवाल्याची गोष्ट राहिली होती," त्या म्हणाल्या. "घाटात ढग उतरले. घरी त्याची आई घाबरली. ती घाटाला म्हणाली, माझा लेक परत दे, मी तुला घरातली सगळ्यात गोड वस्तू देईन. ढग हटले. मीठवाला परत आला. सगळं घर हसायला लागलं. पण त्याची लेक जाऊन कणगीमागं लपली." त्या थांबल्या. "का लपली?"

"गोड वस्तू म्हंजी तीच," धुळा बसल्या जागेवरून म्हणाला.

"कशावरून?"

"घरात गूळ असता तर आजी गूळ म्हनली असती. वस्तू म्हनली. नाव घितलं न्हाई."

"मीठवाल्याला हे माहीत आहे?"

"न्हाई. त्यो घाटात हुता."

"मग कुणाकुणाला माहीत आहे?"

"आजीला." "आयला." "घाटाला." एक बारकी पोर म्हणाली, "बैलाला," आणि कुणी हसलं नाही.

"मग मीठवाल्याला सांगायचं कुणी?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आयनं सांगावं, असं कुणी म्हणालं. आय भिती, असं दुसरं म्हणालं. भिंतीला टेकलेली साळू उठली. तिनं बापाकडं बघितलं नाही, फळ्याकडं बघितलं.

"पोरीनंच सांगाय पायजे. पर ती सांगत न्हाई. बा आला म्हणून सगळी हसाय लागल्यात. तिनं सांगितलं तर हसायची थांबतील." मग जरा वेळानं, "आन तिला बी बरं वाटतंय, बा आला ते."

कृष्णात आपल्या चांगल्या कानाकडं हात नेऊन ऐकत होता. त्याचं हसू आधीच मावळलं होतं. तो उठला आणि साळूजवळ गेला. तिच्या डोक्यावरचं फडकं त्यानं बोटानं जरासं बाजूला केलं आणि परत नीट बसवलं.

"बाई," तो म्हणाला, "ही गोष्ट कुठल्या गावची?"

"घरी विचारा," राहीबाई म्हणाल्या. "मी आणखी काही सांगणार नाही."

त्याचे डोळे लाल झाले होते. "पोरांच्या म्होरं माज्या घराची अब्रू काढली तुमी." एवढं बोलून तो गेला. गोळ्यांची पुडी टेबलावर तशीच राहिली. पोरांनी तिला हात लावला नाही.

त्या संध्याकाळी साळूच्या घरातून म्हातारीचा आक्रोश गावभर ऐकू येत होता. राहीबाई चुलीपुढं भाकरी न टाकता बसून राहिल्या. लेकरानं जे मनात दडवलं होतं ते आपण चारचौघांत तिच्या तोंडून काढून घेतलं, हे बरोबर होतं का?

सकाळी शाळा भरायच्या वेळी कृष्णात लेकीचा हात धरून आला. मागं बायडाबाई. "न्हावी हात लावायला तयार न्हाई," तो म्हणाला. "घरातलं बी कोन न्हाई. तुमी कापा."

"तुम्ही स्वतः?"

त्यानं हात पुढं केले. त्या हातांनी लढाईत काय काय केलं असेल, पण ते हात हलत होते. "मला जमंना, बाई. लहानपनापास्नं ऐकल्यालं हाय. तुमास्नी त्याचं भ्या न्हाई. तुमी कापा."

भय नाही, असं राहीबाईंनाही म्हणता आलं नसतं. शाळेच्या पायरीवर साळूला बसवून त्यांनी कात्री चालवली. जट दोरखंडासारखी घट्ट झाली होती, एका घावात तुटेना. गाव लांब उभा होता. चावडीवर, लिंबाखाली, भिंतींच्या आडोशाला माणसं होती, आणि कात्रीचा आवाज सोडला तर कसलाच आवाज नव्हता. जट पायरीवर पडली तेव्हा साळूची मान एकदम हलकी होऊन वर उचलली गेली. बायडाबाईनं पदरानं तिचं डोकं पुसलं. जटेखालची कातडी पांढरी पडली होती आणि मधे मधे जखमा होत्या.

जोगतीण लिंबाखालून पुढं आली. ती ओरडली नाही की अंगात आणलं नाही. रोजच्या आवाजात म्हणाली, "ज्याच्यासाठी बोल केला, त्याच्यावर जाईल. आता वाट बघा." आणि परडी सावरून चालू लागली.

कृष्णातनं रजा संपायच्या आत बायको-लेकीला सांगलीला नेलं. तिथल्या मुलींच्या एका बोर्डिंगात साळूला जागा मिळाली आणि बायडाबाईला तिथंच स्वयंपाकघरात काम. राहीबाई बरोबर गेल्या, बोलणी त्यांनीच केली. मग कृष्णात पलटणीत परत गेला आणि करीगुड्डी वाट बघायला लागली.

सगळा गाव त्या माणसाच्या मरणाची वाट बघत होता. त्याचं वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं. पण गोष्टीचा शेवट सगळ्यांना पाठ होता. टपालवाला फाट्याकडून येताना दिसला, की बाया दारात येऊन उभ्या राहायच्या. निम्म्या घरांनी पोरं शाळेतून काढली. राहीबाई विहिरीवर गेल्या, की रहाट मोकळा व्हायचा, माणसं बाजूला सरायची. त्यांच्या उंबऱ्यावर एकदा टाचण्या टोचलेला बिब्बा सापडला, एकदा काळ्या दोऱ्यात गुंडाळलेलं लिंबू. त्या ते झाडूनं लोटून द्यायच्या. पण टपालवाला दिसला, की त्यांच्याही हातातलं काम थांबायचं. देव न मानणारी आपण, आपण कशाला भितो, म्हणून त्या स्वतःवर चिडायच्या आणि तरी दारात जाऊन उभ्या राहायच्या.

कृष्णातचं कार्ड दर महिन्याला यायचं. चैत्रात ते आलं नाही. गाव आणखी हळू बोलायला लागला.

धुळा अजून शाळेत येत होता. एके दिवशी गणितं सोडवता सोडवता त्यानं विचारलं, "बाई, साळूचा बा मरंल का?"

"कशावरून म्हणतोस?"

"समदी म्हणत्यात."

"समदी म्हणतात म्हणून होतं का काही?"

"न्हाई. पर तुमाला बी तसं वाटतंय. तुमी टपालवाल्याकडं बघता तवा दिसतंय."

राहीबाईंनी त्याला वहीकडं बघायला सांगितलं. 

वैशाखात लक्ष्मीबाईनं त्यांना बोलावणं धाडलं. म्हातारी वाकळेवर पडली होती, गालफडं बसलेली, हातापायांच्या काड्या झालेल्या. गाव म्हणत होता, ताप आहे. राहीबाईंनी कपाळाला हात लावला, तर अंग गार होतं. उशाशी शेजारणीनं ठेवलेली भाकरी वाळून वाकडी झाली होती. कालवण तसंच.

"आजी, तुम्ही जेवत नाही?"

"बस," म्हातारी म्हणाली. "तुजा राग हुता. आता न्हाई. मला सांग, माजा किसनू जिता हाय न्हवं?"

"कार्ड उशिरा येतात. तो जिवंत आहे."

"मला वाचाय येत न्हाई. रेडिओतलं कळत न्हाई. पोरगं आगीत उभं. माज्याकडं दुसरं काय हुतं द्यायला? शेरडं बोलले असते, तर आई म्हनली असती, म्हातारे, शेरडाच्या मोलाचा हाय व्हय तुजा लेक? म्या पोरीच्या वाईटावर न्हवते ग. ती तर माज्या कुशीत निजायची." ती दम घ्यायला थांबली. "आता देनं राहिलं. ते त्याच्याकडनं घिऊ ने. माज्याकडनं घ्यावं, असं म्या आईला सांगितलंया."

तेव्हा राहीबाईंना सगळं दिसलं. त्यांनी शेजारणीला हाक मारली, पेज करवली, चमच्यानं म्हातारीच्या ओठांना लावली. तिनं दात मिटून घेतले. आप्पासो गुरुजी, ज्यांनी आजवर कशातच भाग घेतला नव्हता, ते स्वतः सायकलवर जतला जाऊन डॉक्टर घेऊन आले. डॉक्टरांनी सलाइन लावलं, म्हातारीनं सुई उपसून टाकली. ज्येष्ठ लागताना ती गेली. तिच्या तेराव्याच्या आत कृष्णात आला, धडधाकट. त्याची पलटण डोंगराळ मुलखात हलवली होती म्हणून टपाल अडलं होतं. त्यानं डोकं भादरलं, आईच्या वाकळेजवळ बसून राहिला.

करीगुड्डीनं गोष्ट पुरी केली. देवीनं लेकाच्या बदल्यात म्हातारी नेली. कुणाला ती गोष्ट पटवून द्यावी लागली नाही, कुणी कशावरून म्हणून विचारलं नाही. राहीबाईंनी कृष्णातला मात्र म्हातारीचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "म्हंजी आय माज्यापायीच गेली. देवीनं न्हेली म्हटलं असतं, तर मला सोपं गेलं असतं, बाई." त्यात राग नव्हता. 

त्याच महिन्यात त्यांची बदली झाली, थेट सातारच्या पलीकडं, मेढ्याजवळच्या एका वाडीवर. गावातल्या काही जणांनी अर्ज केले होते, असं गुरुजींनी सांगितलं. मेढ्याला जाताना त्या सांगलीत उतरल्या.

बोर्डिंगच्या आवारात साळू भेटली. केस कानापर्यंत वाढले होते, त्यांत लाल रिबीन होती. ती जवळ येऊन उभी राहिली. मग विचारलं, "आजी माज्यामुळं मेली का?"

नाही म्हणून टाकणं सोपं होतं. पण या पोरीला तसं उत्तर पुरणार नव्हतं. राहीबाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि म्हातारीनं जेवण कसं सोडलं, काय म्हणाली, ते सगळं त्यांनी सांगितलं. साळू न रडता ऐकत होती.

"आजीला काय पाहिजे होतं, सांग," राहीबाई म्हणाल्या.

"बा."

"आणि?"

तिनं रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी बी," साळू म्हणाली, आणि तिचा चेहरा वाकडा झाला. "मग दोनी कसं ठिवायचं, म्हणून ती गेली. दुसरी वाट हुती का, बाई?"

"होती. जेवायची आणि तुझ्या बापाची वाट बघायची. पण तिला ती वाट दिसेल असं तिच्याशी कुणी बोललं नाही. मीसुद्धा उशिरा बोलले. तुझं यात काही नाही, साळू. तू लहान होतीस, आणि तुला कुणी विचारलंच नव्हतं."

जेवणाची घंटा झाली. आतून बायडाबाईनं हाक मारली. साळूनं डोळे पुसले, बाईंच्या पायाला हात लावला आणि आत गेली. तिला किती पटलं, हे राहीबाईंना कळलं नाही.

यष्टीस्टँडवर सातारची गाडी लागलेली होती. राहीबाईंनी ट्रंक टपावर चढवली, खिडकीची जागा धरली. समोरच्या ओट्यावर एक बाई बसली होती. बोचकं, बांबूची परडी, आणि मांडीवर पाच-सहा वर्षांची पोर, नवं परकर-पोलकं घातलेली, कपाळभर भंडारा. पोर उसाचा करवा चोखत येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत होती, खुशीत होती. राहीबाई तिच्याकडं बघतायत हे त्या बाईच्या ध्यानात आलं, तसा तिनं पदर ओढून पोरीचं तोंड झाकलं.

कंडक्टरनं घंटी मारली. राहीबाई उठल्या, माणसांना बाजूला सारत दारापर्यंत आल्या आणि ट्रंक खाली टाका म्हणून ओरडल्या. कंडक्टर चरफडला. गाडी निघून गेली. राहीबाई ट्रंक ओढत ओट्यापर्यंत गेल्या आणि तिच्यावर बसल्या. त्या बाईनं पोरीला आणखी जवळ ओढलं.

"कुठं निघालात, मावशी?" राहीबाईंनी विचारलं.